दुसरा पुकारा

चिरमाडे साहेबांचा मला पहिला राग आला तो घड्याळावरून. आमच्या तालुक्याच्या कोर्टात भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते दहा मिनिटं मागं चालायचं. ते तसं चालतं हे वकिलांना, पक्षकारांना, समोरच्या चहावाल्याला, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर सगळ्यांचं बरं चाललं होतं. साहेब रुजू झाले त्या सकाळी स्वतः खुर्चीवर चढले आणि त्यांनी ते घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवलं. खाली उतरून हात झटकले आणि मला म्हणाले, "अकरा म्हणजे अकरा, बाई."

मी मुरुम गावची. लघुलेखक म्हणून नुकतीच लागले होते. साहेबांचीही पहिलीच नेमणूक. खानदेशातला सत्तावीस वर्षांचा सडपातळ माणूस, काळा कोट खांद्यावर जरा मोठाच. तालुक्याचं नाव मी सांगणार नाही. वाशी-भूमच्या बाजूचं समजा. कोर्टात उभी हयात गेलेल्या माणसाला नावं गाळायची सवय होते, आणि इथं नाव गाळलेलंच बरं.

घड्याळानंतर त्यांनी दुसरा पुकारा बंद केला. हा पुकारा म्हणजे काय ते सांगायला हवं. रोज अकरा वाजता त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीतली, म्हणजे बोर्डावरची, नावं शिपाई व्हरांड्यातून मोठ्यानं पुकारतो. ज्याचं नाव निघेल त्यानं हजर व्हायचं. आमच्याकडे रिवाज असा की सकाळी जो हजर नसेल त्याचा कागद बाजूला ठेवायचा आणि जेवणानंतर त्याला पुन्हा एकदा पुकारायचं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. कोर्टाची वेळ कायद्यानं ठरत असेल, पण वाडीवस्तीवरच्या माणसाची वेळ ठरते ती एस.टी.नं. एवढं शहाणपण आधीच्या साहेब लोकांना होतं, किंवा आमच्या मौलाभाई शिपायानं त्यांना ते शिकवलं होतं.

मौलाभाईंनी चिरमाडे साहेबांनाही शिकवायचा प्रयत्न केला. "साहेब, उत्तरंकडची गाडी अकरा-वीसला येती. निम्मं बोर्ड त्या गाडीत अस्तंय."

"मग त्यांनी आदल्या गाडीनं यावं."

"आदली गाडी न्हाय, साहेब."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मौलाभाई बाहेर गेले आणि मला म्हणाले, "लई शिकल्यालं हाय लेकरू. उतरंल हळूहळू."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं ऐकून तुम्ही रागवाल. ते बिनसाखरेचा काळा चहा प्यायचे, दुपारी दोन केळी खायचे, कुणाच्या लग्नाला जायचे नाहीत आणि बाजारात भाजीसुद्धा स्वतः घ्यायचे नाहीत. "उद्या तो भाजीवालाच माझ्यासमोर उभा राहिला तर?" म्हणायचे. त्यांच्या बायकोला गावात एकही मैत्रीण नव्हती. दर तीन वर्षांनी बदली ठरलेली, म्हणून सामानाचे चार खोके त्यांनी कधी उघडलेच नाहीत. साक्षीदाराला दरडावणाऱ्या वकिलाला ते हळू आवाजात म्हणत, "त्यांना पाणी द्या आधी." एवढी माया होती माणसात. फक्त ती अकरानंतर सुरू व्हायची.

तर मार्च महिना होता. मार्चमध्ये आमच्या खात्यात सगळ्यांनाच कापरं भरतं. न्यायाधीशानं किती प्रकरणं निकाली काढली याचा हिशेब वर जातो, त्यावर गोपनीय अहवाल लिहिला जातो, आणि त्या अहवालावर पुढची शिडी: कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. साहेबांच्या तुकडीतली मुलं भराभर निकाल देत होती. साहेब कागद सावकाश वाचायचे, त्यामुळे मागं पडले होते. त्या दिवशी त्यांनी अकरा वाजता बोर्ड हातात घेतलं आणि जो गैरहजर त्याचं प्रकरण काढून टाकायचं असं ठरवूनच बसले.

"सोजरबाई भ्रतार नामदेव हाजिर होऽऽ!" मौलाभाईंनी पुकारलं.

सोजरबाई म्हणजे कोण ते सगळ्या कोर्टाला माहीत होतं. नवरा गेल्यावर दिरानं तिच्या वाटणीच्या दीड एकराला कुंपण घातलं आणि विहिरीवर जायची वाट बंद केली. तिनं ताब्यासाठी दावा लावला होता. तिशीची ठेंगणी, काटक बाई. प्रत्येक तारखेला अकरा-वीसच्या गाडीनं यायची आणि व्हरांड्यात लिंबाकडच्या शेवटच्या बाकावर बसायची, मांडीवर भाकरीचं गाठोडं. तिचे वकील त्या दिवशी जिल्ह्याच्या कोर्टात गेले होते.

मौलाभाईंनी तीनदा पुकारलं. मग दारातून आत वाकून म्हणाले, "साहेब, गाडी यायचीय अजून."

मलाही माहीत होतं गाडी यायचीय. पण मी नवी होते, आणि साहेबांपुढं तोंड उघडायची माझी छाती नव्हती. साहेब सांगू लागले आणि मी टाइप केलं: "दावा पुकारला. वादी व वादीचे वकील गैरहजर. सबब दावा काढून टाकण्यात येतो." दोन ओळी. त्या दिवशी अशा दोन-दोन ओळी मी पुष्कळ टाइप केल्या. साहेबांनी सही केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. घड्याळ पूर्वीसारखं मागं असतं तर अजून अकराही वाजले नसते.

सोजरबाई अकरा-वीसला आली आणि बाकावर बसली. मौलाभाईंनी तिला सांगितलं, "बाई, तुजा दावा उडाला." तिला वाटलं मौलाभाई चेष्टा करतायत. ते करायचेच. ती बसून राहिली. जेवणाची सुट्टी झाली, तिनं भाकरी खाल्ली. तीन वाजले, चार वाजले. साडेपाचला साहेब निघाले तेव्हा व्हरांड्यात ती एकटी होती.

"या बाई का बसल्यात?"

ती उठून उभी राहिली, पदर सावरला. "साहेब, माजा पुकारा झाला न्हाय अजून."

साहेब दारात थांबले. मग म्हणाले, "तुमचा पुकारा सकाळी झाला, बाई. तुम्ही नव्हता. आता सही झाली आहे, माझ्या हातात काही नाही. वकिलांना भेटा. तीस दिवसांच्या आत अर्ज द्यायला सांगा."

"तुमीच घ्या की साहेब पुकारून. म्या हितंच हाय."

साहेब मान खाली घालून पायऱ्या उतरले.  ती शेवटच्या गाडीला गेली.

पुढचे दोन महिने साहेब दर सोमवारी मला विचारत, "त्या बाईंचा अर्ज आला का?" अर्ज येत नव्हता. वकिलांच्या मुलीचं लग्न होतं, मग ते आजारी होते, मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. मे महिन्यात साहेबांची बदली झाली, तिकडं पार चंद्रपूरच्या बाजूला. निरोपाच्या चहाला ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी एक चूक केली. दोन ओळींचा अर्ज तिच्याकडून तिथंच घेता आला असता. तुम्ही लिहिला असता, तिनं अंगठा दिला असता, आणि मी पाच मिनिटांत दावा परत घेतला असता. कायद्यात बसत होतं. मला सुचलंच नाही. मी फक्त सहीकडं बघत होतो."

अर्ज आला तो चौथ्या महिन्यात, नव्या साहेबांपुढं. उशिरा आला म्हणून आधी उशीर माफ करायचा का यावर तारखा पडल्या. पंधरा वर्षं पडल्या. मग उशिराचं कारण पटत नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला, आणि सोजरबाईनं वरच्या कोर्टात अपील केलं. तेही वर्षानुवर्षं पडून राहिलं. दीड एकर कुणाचं हा प्रश्न या सगळ्यात कुणीच विचारला नव्हता. सोजरबाई अकराला हजर का नव्हती, एवढ्यावरच सगळं चाललं होतं.

चिरमाडे साहेबांचे किस्से मात्र बदल्यांबरोबर फिरत आमच्यापर्यंत येत राहिले. आमच्या खात्यात साहेब बदलला की त्याच्या आधी त्याचे किस्से पोचतात. ऐकून मला खरं वाटेना. अकरा म्हणजे अकरा म्हणणारा हा माणूस आता दुसरा पुकारा तर करायला लावायचाच, संध्याकाळी उठायच्या आधी तिसराही करायला लावायचा. कुणी गैरहजर म्हणून प्रकरण काढून टाकणं त्यांना जमेनासं झालं होतं. वकील वैतागायचे. त्यांनी नाव ठेवलं, 'पुन्हा-साहेब'. परिणाम व्हायचा तोच झाला. निकाल कमी पडले, अहवालात 'संथ' असा शेरा लागला, आणि बढतीच्या यादीत त्यांचं नाव दोनदा मागं राहिलं. त्यांच्याच तुकडीतला एकजण थेट उच्च न्यायालयात जाऊन बसला.

मग एक दिवस बातमी आली की चिरमाडे साहेब जिल्हा न्यायाधीश होऊन आमच्याच कोर्टात येतायत. तोवर मीही बदलून त्या वरच्या कोर्टात, जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांबच्या एका गावात, आले होते. बदलीच्या वेळी पसंतीची ठिकाणं विचारतात. लोक पुणं लिहितात, नाशिक लिहितात. साहेबांनी पहिल्या जागी आमचा जिल्हा लिहिला होता. खात्यात हसू झालं. "धाराशिव मागून घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला," आमचे अधीक्षक म्हणाले. मी हसले नाही. मला कारण माहीत होतं.

साहेब आले. साठी जवळ आलेली, केस पांढरे, कोट आता अंगाला बरोबर बसलेला. मला ओळखून म्हणाले, "बाई, मुरुमच्या ना तुम्ही? घड्याळ बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "इथलं बंद आहे, साहेब." ते मनापासून हसले. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

तिसऱ्या पुकाऱ्याची गंमत मला तिथं प्रत्यक्ष बघायला मिळाली. पाच वाजता आवार ओस पडलेलं, आणि शिपाई रिकाम्या व्हरांड्यात उभा राहून नावं ओरडतोय, समोर एक कुत्रं झोपलेलं. एकदा जळकोटचा एक साक्षीदार पाचव्या नावाला खरंच लिंबाखालून डोळे चोळत उठला. "सकाळपस्नं हितंच हाय की साहेब, जरा डोळा लागला." साहेबांचा चेहरा असा उजळला की त्यांनी त्या झोपाळू माणसाची साक्ष सहा वाजेपर्यंत घेतली. आम्हा सगळ्यांच्या बस चुकल्या. मी बोटं मोडली त्यांच्या नावानं, खोटं कशाला सांगू.

त्यांना रुजू होऊन आठवडा झाला असेल. सोजरबाईचं अपील बोर्डावर आलं. सगळ्यांत वर तिचं नाव. मी फाइल टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली. खालच्या कोर्टाचे कागद जोडलेले होते, आणि त्यात तो कागद होता. माझं दोन ओळींचं टायपिंग आणि खाली त्यांची सही, तरुणपणची, मोठी, वळणदार.

त्यांनी फाइल मिटली आणि बराच वेळ हात तिच्यावर ठेवला.

"साहेब, याच्यासाठीच आलात ना?" मी धीर करून विचारलं. तोवर माझी तेवढी छाती झाली होती.

"हो. आणि मूर्खासारखा आलो, बाई." ते म्हणाले. "ज्यानं खाली आदेश दिला, त्याला वर त्याचंच अपील ऐकता येत नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला हे माहीत असतं. मला वाटलं, अपील निकाली निघालं असेल, फार तर चौकशी करता येईल. ते माझीच वाट बघत असेल असं वाटलं नव्हतं."

"मग आता?"

"आता लिहा."

मी लिहिलं. सदर प्रकरणात आपण पूर्वी आदेश दिलेला असल्यानं ते दुसऱ्या न्यायालयाकडं वर्ग करावं. त्या गावात जिल्हा न्यायाधीशाची दुसरी खुर्चीच नव्हती. म्हणजे फाइल गेली जिल्ह्याच्या ठिकाणी. सोजरबाईला आमच्याकडं यायला एक बस लागायची, आता दोन लागणार होत्या. ज्या बाईसाठी हा माणूस पुणं-नाशिक सोडून इथं आला, तिला त्याच्या येण्यानं मिळालं ते एवढंच. दुसरा कुणीही आला असता तर त्या आठवड्यात अपील ऐकलं असतं. हे मी त्यांना कधी बोलले नाही. त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं.

फाइल जायच्या दिवशी सोजरबाई आली होती. दारात उभी. साठी ओलांडलेली, दात पडलेले, गाठोडं तेच. शिपायानं तिला धाराशिवची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. ती म्हणाली, "मला वाचाय येत न्हाय, तोंडी सांगा." त्यानं सांगितलं. साहेब आत खुर्चीवर होते, दहा पावलांवर. त्यांनी मान वर केली नाही. न्यायाधीशानं पक्षकाराशी बोलायचं नसतं. मी बघत होते. त्यांच्या हातातली पेन्सिल कागदावर एकाच जागी फिरत होती, कागद फाटेपर्यंत.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाला वकिलांनी हार घातले, भाषणं केली, एकानं 'पुन्हा-साहेब' हे नाव प्रेमानं काढलं. साहेब उठून दोन मिनिटं बोलले. म्हणाले, "मी चुकीच्या जागी लवकर आणि बरोबर जागी उशिरा पोचलेला माणूस आहे. तुमच्यापैकी जे न्यायाधीश होतील त्यांनी फक्त गाडीचं वेळापत्रक बघत जावं." लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या. चार खोके न उघडता टेंपोत चढले आणि साहेब खानदेशात गेले.

अपील पुढं मंजूर झालं. उशीर माफ, दावा मूळ नंबरावर परत. चौतीस वर्षांनी सोजरबाईचा दावा जिथून उडाला होता तिथं येऊन उभा राहिला. ताबा तिला अजून मिळाला नव्हता. फक्त तिचं ऐकून घ्यायला आता कोर्ट तयार झालं होतं. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि मला त्याच तालुक्याच्या कोर्टात बदलून आणलं होतं. साहेबांना मी फोन करून तारीख सांगितली. सांगायला हवी होती की नको, मला अजून कळलेलं नाही. पलीकडून फक्त आवाज आला, "बरं, बाई."

त्या तारखेला सकाळी दहालाच ते व्हरांड्यात होते. पांढरा सदरा, पायांत चपला, हातात कापडी पिशवी. लिंबाकडच्या शेवटच्या बाकावर बसलेले. नव्या शिपायानं त्यांना विचारलंसुद्धा, "बाबा, कुठल्या गावचं?" त्यांनी काहीतरी गाव सांगितलं. मी बाहेर गेले.

"साहेब, आत बसा."

"नको. मला आत काही काम नाही." मग हळू आवाजात, "न्यायाधीश कोण आहे? वक्तशीर आहे का?"

मी घुटमळले. "साहेब, खुर्ची रिकामी आहे. आधीचे बदलून गेले, नवे अजून यायचेत. आज सगळ्यांना पुढची तारीख."

त्यांनी दारातून आत खुर्चीकडं पाहिलं. चौतीस वर्षांनंतरचा पहिला दिवस, आणि आत कुणी नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "पुकारा तरी होईल ना?"

"होईल. रोजनाम्यात हजेरी लिहावी लागते."

"गाडी आल्यावर करा," ते म्हणाले. "तेवढं करा."

अकरा-वीसला गाडी आली. सोजरबाई काठी टेकत आली आणि आपल्या जागी, त्याच बाकावर बसली. शेजारच्या म्हाताऱ्याकडं तिनं पाहिलं. काळा कोट नसलेला माणूस तिनं ओळखायचं काही कारण नव्हतं.

"तुमचा बी पुकारा व्हायचाय व्हय?"

"हो," साहेब म्हणाले.

"बसा मंग. हितं येळ लागतो."

त्यांनी मान हलवली. तिनं गाठोडं सोडून त्यांना अर्धी भाकरी पुढं केली. जन्मात कुणा पक्षकाराच्या हातचं पाणी न प्यालेल्या त्या माणसानं ती दोन्ही हातांनी घेतली.

मी आत जाऊन शिपायाला खूण केली. "सोजरबाई भ्रतार नामदेव हाजिर होऽऽ!" ती लगबगीनं उठली, आत आली, रिकाम्या खुर्चीला हात जोडले आणि म्हणाली, "हाजिर हाय जी." मी रोजनाम्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'वादी हजर'. तिला पुढची तारीख तोंडी सांगितली. ती दोनदा घोकत बाहेर गेली.

दारातून मला ऐकू आलं. "माजा झाला पुकारा," ती बाकाजवळ थांबून सांगत होती. "तुमचा?"

"राहिलाय अजून."

"हुईल की. ऊठू नगा, न्हायतर नाव निघून जातंय." असं म्हणून ती गाडीला गेली.

दुपारी मी त्यांना जेवायला बोलावलं, ते आले नाहीत. साडेपाचला आम्ही कुलूप लावून निघालो तेव्हा साहेब त्याच बाकावर बसून होते, पिशवी मांडीवर.